मागच्या रानात शेळ्या सोडाव्यात का?

शाळेच्या मागे, जुन्या विहिरीच्या पलीकडे, आपली पावणेदोन एकर जागा आहे. गेल्या काही पावसाळ्यांत तिथे एवढे रान माजले आहे की मागचे कुंपण आता नजरेलाही पडत नाही. चेंडू तिकडे गेला की तो गेलाच, असे मुले धरून चालतात. आणि त्यात त्यांचे शहाणपणच आहे, कारण त्या गचपणात शिपायांनी घोणस पाहिली आहे. दर मे महिन्यात मजूर लावून रान काढायचे, आणि दसऱ्यापर्यंत ते पुन्हा कमरेइतके व्हायचे, असा क्रम चालला आहे. पेटवून द्यावे असे कोणी म्हणते. पण भिंतीलगत घरे आहेत, आणि आगीने पळालेले साप वर्गांकडेच येणार. तणनाशक मारावे तर उतार विहिरीकडे आहे.

यंदाच्या पालक सभेत एका पालकांनी सुचवले, "शेळ्या का सोडत नाही? अमेरिकेत सोडतात म्हणे." सभेत हशा पिकला. परंतु ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही, असे आम्हा परिसर समितीच्या सदस्यांना वाटले. विषय विश्वस्त मंडळापुढे जायचा आहे. त्याआधी आम्ही जे वाचले, विचारले आणि पाहिले ते विद्यार्थी, पालक व विश्वस्त या सर्वांसमोर ठेवीत आहोत.

अमेरिकेत सोडतात, हे खरेच आहे. कॅलिफोर्नियात सिमी व्हॅली येथे एका टेकडीवर माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे स्मारक-ग्रंथालय आहे. त्या प्रांतात उन्हाळाभर पाऊस नसतो, डोंगरावरची झुडपे वाळून जातात आणि पुढे शरद ऋतूत कोरडे, सोसाट्याचे वारे सुटतात. २०१९ च्या मे महिन्यात ग्रंथालयाने सुमारे ५०० शेळ्या भाड्याने आणल्या आणि इमारतीभोवतीचे सुमारे १३ एकर रान त्यांना चारले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सकाळी जवळच वणवा लागला. त्यात १,८०० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि ज्वाला ग्रंथालयाच्या टेकडीपर्यंत पोचल्या. ग्रंथालय वाचले. बंब होते, हेलिकॉप्टर होती. ती नसती तर नुसत्या शेळ्यांनी काही झाले नसते. पण शेळ्यांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यात आगीला खायला फारसे काही उरले नव्हते, आणि त्यामुळे जवानांना उभे राहून काम करायला जागा मिळाली.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टनचे. तिथल्या काँग्रेशनल सेमेटरी या जुन्या दफनभूमीच्या कडेला झाडांवर वेली माजल्या होत्या. वेलीने झाड मेले आणि कोसळले, तर खालचे जुने दगड फुटणार. नदी जवळ असल्याने औषध मारायचे नव्हते. २०१३ साली तिथे शेळ्या आणल्या. त्या वेलींत पॉयझन आयव्ही नावाची एक वेल होती. तिचा नुसता स्पर्श झाला तरी माणसाच्या अंगावर फोड येतात, आणि शेळ्या मात्र ती खुशाल खातात. तिसरे उदाहरण गूगल कंपनीचे. २००९ साली तिने माउंटन व्ह्यू येथील आपल्या आवारात सुमारे २०० शेळ्या आठवडाभर आणल्या, आणि खर्च यंत्राने गवत कापण्याइतकाच आला असे कंपनीनेच सांगितले. शेळ्या म्हणजे फुकटातले काम, अशी कुणाची कल्पना असेल तर हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचावे.

मोबदला देऊन जनावरे आपल्या जमिनीवर आणणे ही गोष्ट आपल्या बेळगाव भागालाही नवी नाही. सुगी आटोपली की धनगरांचे कळप येतात, आणि शेतकरी त्यांना विनवून आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते, धनगराला त्याबद्दल धान्य किंवा रोख मिळते. कळप किती रात्री बसणार, कोणत्या तुकड्यात बसणार, हे आधी ठरते. अमेरिकेतले लोक विजेच्या तारांची जाळी लावून जे करतात, ते आपला धनगर वाघर लावून पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. फरक इतकाच की मेंढी बहुतेक गवतावर जगते, आणि आपल्याला काढायची आहेत झुडपे. ते काम शेळीचे.

मुलांनो, चरताना या तिन्ही जनावरांकडे एकदा नीट पाहा. गाय जिभेने गवताला वेढा घालून ते ओढून घेते. मेंढी मान खाली घालून जमिनीलगत कुरतडत जाते. शेळीची मान मात्र वर असते. तिचा वरचा ओठ पातळ आणि फार हालता असतो. बोरीच्या दोन काट्यांच्या मधले एकच पान ती आपण चिमटीने खुडावे तसे खुडते. मागच्या पायांवर उभी राहून पाच-साडेपाच फुटांवरचा शेंडाही ती गाठते. कडू आणि तुरट पाला गाईपेक्षा तिला जास्त चालतो. आणि ती एका जागी फार वेळ खात नाही. दोन घास इथले, चार घास तिथले, पुन्हा पुढे. या चंचलपणाला आपण नावे ठेवतो, पण तोच तिचे रक्षण करतो. रानातल्या बऱ्याच पाल्यांत थोडेथोडे विष असते; कशाचेच फार खाल्ले नाही की ते बाधत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

शेळीने पाला खाल्ला म्हणजे झुडूप मेले असे होत नाही. झुडपाचे अन्न पानांत तयार होते आणि त्यातले काही मुळांत साठते. पाला गेला की झुडूप मुळांतली शिल्लक काढून नवी पालवी फोडते. ती पालवी वाढून पुन्हा साठा करू लागायच्या आत खाल्ली गेली, तर शिल्लक आणखी घटते. असे वर्षात दोन-तीन वेळा आणि दोन-तीन वर्षे झाले म्हणजे मुळे दमतात. बँकेतल्या ठेवीसारखेच हे आहे. एकदा पैसे काढल्याने खाते बंद पडत नाही. म्हणून महिनाभर शेळ्या आणल्या आणि रान कायमचे गेले, असे कोणी सांगितले तर विश्वासू नये. मजुरांनी एकदा कापले की ते पुन्हा का उभे राहते, याचेही कारण हेच.

आता आपल्या जागेत काय आहे ते पाहू. सगळे यावरच अवलंबून आहे.

विहिरीकडचा भाग बोराटी, रानवेली, बाभळीची पोरकी रोपे आणि सुबाभूळ यांनी भरला आहे. हा शेळीचा मेवाच. पण मागच्या कुंपणाकडे, साधारण अर्ध्या जागेत, घाणेरीची जाळी आहे. काहीजण तिला टणटणी म्हणतात. रंगीत फुलांसाठी ही परदेशी वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि आज देशभर पसरली आहे. घाणेरीच्या पानांत यकृताला मारक असे द्रव्य असते. जनावराने ती पुरेशी खाल्ली की पित्ताचा प्रवाह अडतो, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, पोट थांबते. मग एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाल्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. तो आता रक्तातून कातडीत जाऊन साठतो. त्यावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते, नाक व कान सोलून निघतात. जनावर सावली धरून बसते, खात नाही, आणि पुष्कळदा दगावते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या गावाकडच्या शेळ्या घाणेरीतच हिंडतात, त्यांना काही होत नाही. बरोबर आहे. त्या हिंडतात, पण खाताना तिला टाळतात, किंवा एखादा घास घेऊन पुढे जातात, कारण पुढे जायला मोकळे रान असते. आपण त्यांना कुंपणात कोंडणार. चांगला पाला चार दिवसांत संपला आणि समोर घाणेरीच उरली, तर भुकेपुढे शेळीचा चोखंदळपणा टिकत नाही. म्हणजे रान संपवायला आपण जी जाळी लावणार, तीच शेळीची स्वतःला जपण्याची युक्ती काढून घेणार. आमच्या मते या संपूर्ण योजनेतला सर्वांत मोठा धोका हा आहे. तो शाळेला नाही, शेळीवाल्याला आहे.

ज्यांच्याशी आम्ही बोललो ते गृहस्थ जवळच्याच वस्तीत राहतात. त्यांच्याकडे वीस शेळ्या आहेत. मुलीची फी भरायची असली की एक बोकड विकला जातो, घरात दुखणे आले की दुसरा. त्या वीस शेळ्या म्हणजे त्यांचे बँक-खाते आहे. आपली जागा स्वच्छ व्हावी म्हणून त्यातल्या दोन मेल्या तर? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी आपली एक म्हण आहे. शाळेवर ती लागू व्हायला नको.

घाणेरीखालोखाल गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत आले आणि पुढे देशभर झाले. माणसाला त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. आपल्या शाळेतही अशी मुले आहेत. शेळ्या ते सहसा खात नाहीत. उपाशीपोटी खाल्ले तर तोंड येते आणि दूध कडू होते. शेळ्यांनी बाकीचे सगळे खाऊन जागा मोकळी केली की उलट या गवतालाच ऊन व जागा मिळते. ते फुलावर येण्याआधी मोठ्या माणसांनीच हातमोजे घालून उपटावे लागेल, शेळ्या असोत वा नसोत. एकेक झाड हजारो बिया टाकते, तेव्हा फुलल्यावर उपटणे म्हणजे बी पेरणेच.

गटाराच्या कडेला बेशरम आहे. त्याचा पाला शेळ्यांना चटक लागल्यासारखा आवडू लागतो आणि काही आठवड्यांत त्यांचा तोल जाऊ लागतो, मान थरथरते. समोरच्या फाटकापाशी शोभेसाठी लावलेली कण्हेर तर याहून वाईट; तिची थोडीशी पानेही शेळीला मारायला पुरतात. म्हणून शेळ्या पुढच्या फाटकातून आणायच्या नाहीत, मागच्या वाटेनेच आणायच्या. आपल्याकडे वेड्या बाभळीची दोनच झाडे आहेत, पण त्यांच्या गोड शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि काही बिया लेंडीतून साबूत बाहेर पडतात. शेंगा धरायच्या आत ती तोडली नाहीत तर पुढच्या वर्षी दोनाची दोनशे झालेली दिसतील.

झुडपे सोडून आणखी एक गोष्ट शेळीला फार आवडते, ती म्हणजे कोवळी साल. दहावीच्या प्रत्येक तुकडीने निरोपाच्या वेळी लावलेली आंबा, जांभूळ आणि कडुलिंबाची रोपे याच जागेच्या कडेला आहेत. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली गेली की मुळांकडे अन्न जाण्याची वाट तुटते आणि झाड वाळते. एका दुपारचे काम आहे ते.

शेळीच्या तोंडाची ताकद किती असते याचे एक उदाहरण मुलांना आवडेल. पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांपैकी पिंटा नावाचे बेट आहे. १९५९ साली तिथे तीन शेळ्या सोडल्या गेल्या. पंधरा-एक वर्षांत त्यांच्या हजारो झाल्या आणि बेटावरची झाडी उघडी पडली. त्या बेटावरच्या महाकाय कासवांचा वंश खलाशांनी आधीच जवळजवळ संपवला होता. १९७१ साली एकच नर सापडला. 'लोनसम जॉर्ज' म्हणून जगभर गाजलेले ते कासव २०१२ साली वारले. अहमदनगर जिल्ह्यातील (हल्लीचे अहिल्यानगर) राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी उघडे डोंगर पुन्हा हिरवे करताना कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी का केली, हे यावरून समजेल. कॅलिफोर्नियात जिला भाडे देऊन बोलावतात तिलाच हिवरेबाजारच्या डोंगरावर बंदी. शेळी दोन्हीकडे तीच आहे. ती कधी यायची आणि मुख्य म्हणजे कधी परत जायची, हे ठरवणारा माणूस तिथे आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

किती शेळ्या आणि किती दिवस, याचा हिशेब आठवीच्या मुलांनी गणिताच्या तासाला करावा. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा लागतो; हिरव्या पाल्याच्या भाषेत तीन-साडेतीन किलो. वीस शेळ्यांना दिवसाला सुमारे ७० किलो. एका एकरात १० फूट बाय १० फूटचे सुमारे ४३५ चौकोन बसतात, पावणेदोन एकरांत साधारण ७६०. त्यातले निम्मेच शेळीच्या कामाचे, म्हणजे ३८०. समजा एका चौकोनात चार किलो खाण्याजोगा पाला निघाला, तर एकूण १,५२० किलो. भागिले ७०, म्हणजे बावीसेक दिवस. 'चार किलो' हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी धरला आहे. शिक्षकांसमवेत पाच-सहा ठिकाणचा पाला कापून, तोलून खरा आकडा काढता येईल, आणि तो काढल्याशिवाय शेळीवाल्यांना दिवस सांगू नयेत.

सगळी जागा एकदम मोकळी सोडायची नाही. तसे केले की शेळ्या आवडीचा पाला आधी संपवतात आणि नावडता तसाच राहतो. वाघर लावून पाव एकराचा तुकडा करायचा, तीन दिवस चारायचा, पाला संपण्याच्या किंचित आधी पुढचा तुकडा उघडायचा. सोबत राखण करणारा माणूस दिवसभर हवाच, कारण शेळीला वाघरीवरून उडी मारणे अवघड नाही.

आमची शिफारस अशी. घाणेरी शेळ्यांवर सोपवायची नाही. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की मजुरांकडून ती काढायची, आणि नुसती कापायची नाही. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी सांगितल्याप्रमाणे जमिनीखाली मूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. बेशरम, कण्हेर आणि वेडी बाभूळ यांचेही तेव्हाच पाहायचे. काढलेली घाणेरी त्या जागेत वाळत ठेवायची नाही, कारण वाळल्यावरही ती विषारीच असते. पावसाळ्यात शेळ्या नकोत. चिखलात त्यांचे खूर कुजतात आणि उतारावरची माती सुटते. दिवाळीच्या सुट्टीत पहिली फेरी, फेब्रुवारीत नवी पालवी फुटल्यावर दुसरी, आणि पुढील दोन वर्षे हाच क्रम. तुकड्यांनी लावलेल्या रोपांना आधी काटेरी कुंपण आणि जाळी. शेळ्यांना पीपीआर आणि आंत्रविषार यांच्या लसी दिल्या आहेत का, हे पशुवैद्यांना दाखवून घ्यायचे.

मोबदल्याबद्दल एका विश्वस्तांनी विचारले, "चारा त्यांना फुकट मिळणार, मग वर पैसे कशाचे?" आमचे मत असे की पैसे द्यावेत. स्वतःच्या मर्जीने चारणारा माणूस जिथे पाला चांगला तिथे जाईल. आपण त्यांना तुकड्यातुकड्याने, आपल्या वेळेवर, आपल्या झाडांपासून दूर राहून चारायला सांगणार आहोत. ही मजुरी आहे आणि तिला रोज पडला पाहिजे. एखादी शेळी आमच्या जागेतला पाला खाऊन दगावली तर तिची किंमत शाळा देईल, हेही कागदावर असावे.

विद्यार्थ्यांना एक सूचना. डब्यातला भात, पोळी किंवा खिचडी शेळ्यांना घालू नये. एकदम पोटभर धान्य पडले की शेळीच्या पोटात आम्ल होते आणि ती मरू शकते. प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. त्या जागेतील पिशव्या आणि तारांचे तुकडे शेळ्या येण्याच्या आधी वेचायचे आहेत. ते काम घाणेरी निघाल्यावर आणि साप-किरडू नाही याची शिपायांनी खात्री केल्यावरच होईल.

मंडळाची बैठक व्हायच्या आत कोणती झुडपे कुठे आहेत याचा नकाशा आम्हाला करायचा आहे. ज्या पालकांना किंवा आजी-आजोबांना रानातला पाला ओळखता येतो, त्यांनी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर विहिरीपाशी यावे. पायात बूट आणि हातात काठी असावी.